मोगलीचा दुसरा भाग

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात, मुंडारा गावाजवळ उगम पावते. बालाघाट, गोंदिया, भंडारा मागे टाकून ती दक्षिणेला येते आणि ब्रह्मपुरी-वडशापासून खाली चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची हद्द होऊन वाहते. पुढे वर्धा तिला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीत जाते. रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मध्ये मोगली ज्या नदीत डुंबतो, ती हीच वैनगंगा. किपलिंगची कथा घडते ती सिवनीच्या टेकड्यांवर. पण मोह, बांबूची बेटं, अस्वल, रानकुत्री, गोंडांची वस्ती हा सगळा ऐवज नदीबरोबर खाली आपल्याकडेही उतरतो.

गाजलेल्या अ‍ॅनिमेशन चित्रपटाचा दुसरा भाग काढण्यात काही अर्थ असतो का, हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत बसून विचारायचा, तर मोगलीइतकं सोयीचं उदाहरण दुसरं नाही. त्याचा दुसरा भाग आधी पुस्तकात निघाला, मग मॉस्कोत निघाला आणि नंतर डिस्नेकडेही निघाला. एकाच गोष्टीचे इतके पुढचे भाग शेजारी शेजारी ठेवता आले, की कुठला जमला, कुठला फसला आणि का, हे नीट पाहता येतं.

पुढचा भाग का निघतो?

पहिलं कारण पैसा, हे उघड आहे. पात्र लोकांच्या ओळखीचं असतं, त्यामुळे जाहिरातीचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. खेळणी, दप्तरं, डबे यांवर तेच चेहरे पुन्हा छापता येतात. डिस्नेने १९९४ मध्ये ‘अलादीन’चा पुढचा भाग ‘द रिटर्न ऑफ जाफर’ थिएटरात न आणता थेट व्हिडिओ कॅसेटवर विकला आणि तो धो धो खपला. मग रांगच लागली. ‘लायन किंग’, ‘सिंड्रेला’, ‘पीटर पॅन’ या सगळ्यांचे कमी खर्चातले पुढचे भाग निघाले. १९४२ च्या ‘बांबी’चाही दुसरा भाग २००६ मध्ये आला. शेवटी पिक्सार कंपनी डिस्नेकडे आल्यावर जॉन लॅसेटर यांनी २००७ मध्ये हा कारखाना थांबवला. जुन्या चित्रपटांची पुण्याई खर्चून नवे भाग विकणं त्यांना मान्य नव्हतं.

दुसरं कारण खास अ‍ॅनिमेशनचं आहे. माणसांच्या चित्रपटात नट म्हातारा होतो. दहा वर्षांनी दुसरा भाग काढला तर त्याच्या चेहऱ्यावर ती दहा वर्षं दिसतातच, लेखकाला ती नाकारता येत नाहीत. काढलेलं चित्र मात्र जसंच्या तसं राहतं. मोगली १९६७ मध्ये दहा वर्षांचा होता आणि निर्मात्याने ठरवलं तर २०६७ मध्येही तो दहाचाच राहील. काळ पुढे न सरकवता गोष्ट पुढे नेण्याची मुभा या माध्यमात आहे. अ‍ॅनिमेशनचे बहुतेक पुढचे भाग याच मुभेपायी फसतात. पात्राला काही नवं होत नाही, पहिल्या भागात घडलेलंच पुन्हा घडतं.

१९६७ आणि २००३

डिस्नेच्या ‘जंगल बुक’ची पहिली पटकथा बिल पीट या कसलेल्या लेखकाने लिहिली होती. ती पुस्तकाच्या जवळ जाणारी, गंभीर होती. वॉल्ट डिस्नेला ती पसंत पडली नाही. मतभेद झाले आणि पीट स्टुडिओ सोडून गेला. मग गोष्ट हलकीफुलकी केली गेली. मोगलीचा शिक्षक असलेला बल्लू गाणारा मित्र झाला, पुस्तकात मोगलीचा जीव वाचवणारा का अजगर खलनायक झाला आणि किपलिंगने कधी न लिहिलेला ओरांगउटान राजा लुई कथेत आला. ओरांगउटान हा सुमात्रा-बोर्निओचा प्राणी, भारताच्या जंगलात तो नाही. पण वुल्फगँग रायथरमन यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट झकास जमला. डिस्ने स्वतः १५ डिसेंबर १९६६ ला वारला. त्याने जातीने लक्ष घातलेला हा शेवटचा अ‍ॅनिमेशन चित्रपट दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात पडद्यावर आला.

त्याचा शेवट मार्मिक आहे. पाणी भरायला आलेल्या मुलीच्या मागे मोगली गावात जातो आणि बल्लू-बघीरा मागे राहतात. बालपण संपलं, हे एका घागरीतून सांगून झालं होतं.

छत्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, ‘जंगल बुक २’ आला. मोगली गावात आहे, त्याला जंगलाची आठवण येते. बल्लू त्याला न्यायला येतो, शेरखान सूड घ्यायला येतो, का पुन्हा भुकेलेला आहे आणि बल्लूचं गाजलेलं गाणं पुन्हा पुन्हा वाजतं. त्या मुलीला शांती हे नाव मिळालं, हीच काय ती भर. शेवटी मोगली गावात राहतो आणि हवं तेव्हा जंगलात जाऊन बल्लूला भेटतो. म्हणजे १९६७ च्या शेवटात जो वियोग होता तोही पुसून टाकला. चित्रपट करायला सुमारे दोन कोटी डॉलर लागले आणि जगभरातून तेराएक कोटी मिळाले. धंदा चोख झाला, पण गोष्ट एक पाऊलही पुढे गेली नाही. उलट पहिल्या भागाची धार थोडी बोथट झाली.

किपलिंगने स्वतः काय केलं?

दुसरा भाग काढण्याचा मोह किपलिंगलाही झाला होता. पहिलं ‘जंगल बुक’ १८९४ मध्ये आलं आणि लगेच पुढच्या वर्षी ‘सेकंड जंगल बुक’. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ मध्ये जन्मलेला हा लेखक तेव्हा अमेरिकेत, बर्फाळ व्हरमाँटमध्ये राहत होता. पहिल्या पुस्तकातल्या सात कथांपैकी तीन मोगलीच्या आहेत, दुसऱ्यातल्या आठांपैकी पाच.

पण त्याच्यापुढे एक अडचण होती. पहिल्या पुस्तकातच शेरखान मेला होता. मोगलीने म्हशींचा कळप दोन बाजूंनी घळीत घालून त्याला तुडवून मारलं होतं. खलनायकच नाही म्हटल्यावर दुसरा भाग कशावर उभा करायचा? याच अडचणीने दुसरं पुस्तक तारलं. किपलिंगला प्रत्येक कथेत नवा विरोधक शोधावा लागला.

एका कथेत तो विरोधक दुष्काळ आहे. मोहाला फूल येत नाही, कंद वाळतात, वैनगंगा इतकी आटते की पात्रातली शांतिशिला उघडी पडते. मग हाथी नावाचा हत्ती पाण्याचा तह पुकारतो. तह असेतो पाणवठ्यावर कुणी कुणाची शिकार करायची नाही, वाघ आणि हरीण समोरासमोरच्या काठांवर पाणी पिणार. दुसऱ्या कथेत रत्नजडित अंकुश आहे. तो ज्याच्या हाती जातो त्याचा खून होतो, आणि माणसं न खाताच एकमेकांना का मारतात हे मोगलीला उमगत नाही. तिसरीत दख्खनेतून आलेली रानकुत्र्यांची टोळी आहे. मोगली त्या टोळीला वैनगंगेच्या कड्यावरच्या आग्यामोहोळांच्या तावडीत नेऊन अडकवतो, पण त्या लढाईत म्हातारा लांडगा अकेला मरतो. आणि शेवटच्या कथेत विरोधक बाहेर कुठेच नाही. मोगली सतरा वर्षांचा होत आलाय, वसंत आलाय, सगळं जंगल आपापल्या जोडीदारामागे गेलंय आणि त्याचं कशातच मन लागत नाही. तो माणसांकडे जातो.

अर्भकाचा पोरगा झाला, पोराचा तरुण झाला. हे वाढणं हाच या दुसऱ्या भागाचा खरा विषय आहे. पहिल्यापेक्षा तो काही ठिकाणी सरस उतरलाय, तो याचमुळे.

गंमत म्हणजे मोगलीची सर्वांत आधी छापलेली गोष्ट ही कालक्रमाने शेवटची आहे. १८९३ च्या ‘इन द रुख’ या कथेत तो मोठा झालेला दिसतो. वनाधिकारी गिस्बोर्न त्याचं जंगलज्ञान पाहून थक्क होतो आणि मोगली इंग्रज सरकारच्या वनखात्यात पेन्शनीच्या नोकरीवर रुजू होतो. चंद्रपूर-गडचिरोलीत घरटी नाही तरी गावोगाव वनरक्षक, वनमजूर, जंगल कामगार आहेत. त्यांना हा शेवट परक्या देशातल्या परीकथेसारखा वाटणार नाही.

मॉस्कोचा मोगली

डिस्नेचा चित्रपट आला त्याच १९६७ मध्ये मॉस्कोच्या सोयूझमुल्तफिल्म स्टुडिओने मोगलीचा पहिला भाग काढला. दिग्दर्शक रोमान दाविदोव यांनी वीसेक मिनिटांचे पाच भाग १९७१ पर्यंत पूर्ण केले आणि १९७३ मध्ये ते जोडून एक सलग चित्रपट झाला. इथे पुढचे भाग सुरुवातीपासून आखलेले होते. पहिल्यात रक्षा लांडगीण मोगलीला पोटाशी घेते, मधल्या भागात अकेला थकतो, चौथ्यात रानकुत्र्यांशी लढाई होते आणि पाचव्यात तरुण मोगली माणसांत परततो. चित्रातला मोगली भागागणिक खांद्याने रुंद होत जातो, त्याच्या हालचाली बदलतात. काढलेल्या चित्राला वय द्यायचं ठरवलं तर देता येतं, हे इथे दिसतं. त्यासाठी दर भागाला पात्र नव्याने बसवावं लागतं आणि ते खर्चाचं काम आहे. स्वस्तातला दुसरा भाग ते टाळतो.

आपल्या पिढीला मोगली भेटला तो जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनच्या बावन्न भागांच्या मालिकेतून. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ती हिंदीत आली. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. २०१६ च्या नव्या ‘जंगल बुक’च्या हिंदी आवृत्तीतही शेरखानला आवाज नानांचाच होता. त्याआधी दोनच वर्षं, २०१४ मध्ये, समृद्धी पोरे यांच्या चित्रपटात ते गडचिरोलीतल्या हेमलकशाचे डॉ. प्रकाश आमटे झाले होते. २०१६ च्या चित्रपटात एक खरा मुलगा सोडला तर जवळपास सगळं जंगल आणि सगळे प्राणी संगणकावर घडवलेले होते. दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनी डिस्नेची गाणी ठेवली, पण पाण्याच्या तहाचा प्रसंग किपलिंगच्या दुसऱ्या पुस्तकातून उचलला. चित्रपटातला तोच भाग सर्वांत भारदस्त झाला.

जमलेले दुसरे भाग

मोगलीबाहेर पाहिलं तरी हेच सूत्र दिसतं. ‘टॉय स्टोरी’ १९९५ चा. त्याचा दुसरा भागही आधी कॅसेटवर जायचा होता. पिक्सारने ऐनवेळी कथा मोडून नऊएक महिन्यांत पुन्हा उभी केली. २०१० च्या तिसऱ्या भागात खेळण्यांचा मालक अँडी सतरा वर्षांचा होऊन कॉलेजला निघालेला असतो. त्याला आवाज दिला तो पहिल्या भागात छोट्या अँडीला आवाज देणाऱ्या जॉन मॉरिसनेच, तोही तोवर मोठा झाला होता. ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’च्या २०१४ मधल्या दुसऱ्या भागात नायक पंधराचा वीस वर्षांचा झालाय आणि त्याचा बाप मरतो. ‘इनसाइड आउट २’ मध्ये रायली तेरा वर्षांची होते आणि तिच्या डोक्यात चिंता नावाची नवी भावना मुक्कामाला येते. या चित्रपटाने २०२४ मध्ये जगभर १७० कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. पात्राला वाढू दिलं म्हणून गल्ला कमी होतो, असं मुळीच नाही.

भारतात ‘हनुमान’ हा व्ही. जी. सामंत यांचा चित्रपट २००५ मध्ये चालला. दोन वर्षांनी ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आला तो अनुराग कश्यप यांच्या दिग्दर्शनाखाली. त्यांनी पुराणकथा पुन्हा सांगितली नाही. हनुमानाला आजच्या गावात मारुती नावाचा शाळकरी पोरगा म्हणून जन्माला घातलं. हा दुसरा भाग पहिल्याइतका एकसंध झाला नाही, पण देवाला शाळेत घातलं तर काय होईल, हा नवा प्रश्न तरी त्याने विचारला. प्रश्न विचारून अडखळलेला दुसरा भाग हा काहीच न विचारणाऱ्या गुळगुळीत भागापेक्षा केव्हाही बरा.

आपल्या जंगलातला दुसरा भाग

आता पुन्हा वैनगंगेकाठी येऊ. किपलिंगच्या दुसऱ्या पुस्तकातली एक कथा आजवर पडद्यावर हवी तशी आलेली नाही आणि गडचिरोलीला ती सर्वांत जवळची आहे. मोगलीला आसरा दिला म्हणून गाव मेसुआ नावाच्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला चेटूक केल्याच्या आरोपावरून जाळायला निघतं. मोगली दोघांना सोडवतो आणि मग हाथी व त्याच्या तीन मुलांना गावावर सोडतो. आधी हरणं, डुकरं, नीलगायी पिकं फस्त करतात, मग पावसाळ्यात हत्ती घरांच्या भिंती पाडतात. गाव उठतं आणि तिथे जंगल वाढतं.

डिस्नेच्या चित्रपटात हाथी हा कवायत घेणारा विनोदी कर्नल आहे. इकडे २०२१ मध्ये मूळचा ओडिशातला रानहत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आला आणि तेव्हापासून कुरखेडा, देसाईगंजच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हाथी म्हणजे काय हे धानाच्या बांधीत कळतं. घरं मोडली, धान तुडवलं गेलं, माणसंही गेली. फरक इतकाच की किपलिंगचा हाथी सूड घ्यायला येतो. हा कळप आला तो त्याच्या जुन्या वाटा आणि जुनी जंगलं तुटत गेली म्हणून. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कथेला हा आजचा पुढचा भाग आहे आणि त्यात खलनायक कोण, हे ठरवणं किपलिंगच्या कथेपेक्षा अवघड आहे.

वाघाचंही तसंच. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. आज तिथे वाघ इतके आहेत की प्रश्न जागेचा आहे. पिल्लू साधारण दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं आणि स्वतःचा इलाका शोधत निघतं. ताडोबात जागा नसली की ते ब्रह्मपुरीच्या जंगलात जातं, काही वाघ वैनगंगा पोहून गडचिरोलीत उतरतात. वाटेत शेतं, रस्ते, गुरं आणि मोह वेचायला पहाटे निघालेल्या बाया असतात. तरुण झालेल्या वाघाने घर सोडणं ही तर मोगलीच्या शेवटच्या कथेचीच दुसरी बाजू. शेरखानला दुसऱ्यांदा सूड घ्यायला लावण्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी नवी आहे.

आणखी एक जागा रिकामी आहे. गाव उठवण्याच्या त्या कथेत गावकरी शेवटी गोंडांच्या म्होरक्याला बोलावतात. तो काही बोलत नाही. रानकारल्याचा वेल देवळाच्या दारावर आडवा-तिडवा बांधतो आणि गावाला निघून जायची दिशा दाखवतो. जंगल काय म्हणतंय हे त्या प्रसंगात फक्त त्याला कळतं. किपलिंगने त्याला छोटीशी भूमिका दिली, डिस्नेच्या चित्रपटांत तर गोंड औषधालाही नाही. ज्या चंद्रपुरात गोंड राजांची राजधानी होती, तिथल्या मुलांनी हे लक्षात घ्यावं. आणि वनखात्याने मोगलीला नोकरी दिली तिथे किपलिंग थांबला. त्याच्या पुढचा प्रश्न धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने विचारला. ज्याला जंगल कळतं त्याने त्याची राखण फक्त चाकरीवर का करावी? वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा-लेखा आहे. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा हक्क गावाच्या हाती आला. मोगलीचा हा खरा तिसरा भाग म्हणता येईल.

त्यासाठी आवाजही दूरचे आणावे लागणार नाहीत. धान निघालं की वडशाहून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात आणि रात्रभर नाटक खेळतात. झाडीबोलीत, गोंडीत, माडियात बोलणारे नट इथे आहेत. बल्लूने झाडीबोलीत बोलायला काय हरकत आहे? तसाही तो या जंगलातलाच आहे, फक्त इथल्या लोकांना तो डिस्नेपेक्षा जरा जास्त चावरा माहीत आहे.

मग, दुसरा भाग करावा का?

करावा, पण तीन गोष्टी पाहून. पात्र वयाने किंवा समजुतीने वाढलं आहे का? पहिल्या भागाचा शेवट तसाच राखून गोष्ट पुढे गेली आहे का? आणि पहिल्यात न विचारलेला एखादा प्रश्न यात आहे का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर ती फक्त विक्री आहे. एकाचं जरी हो असेल तरी तिकीट वाया जात नाही. मुलं दुसऱ्या भागासाठी हट्ट धरतात तेव्हा त्यांना नवी गोष्ट हवीच असते असं नाही, कधी कधी ओळखीच्या मित्राला पुन्हा भेटायचं असतं. त्यात गैर काही नाही. पण मित्र भेटल्यावर तो काहीतरी नवं सांगेल, ही अपेक्षा मोठ्यांनी ठेवायला हवी.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शिक्षकांना आणि पालकांना एक सुचवावंसं वाटतं. ‘जंगल बुक २’ लावून देण्याआधी मुलांना दुसरं पुस्तक वाचून दाखवा, त्यातली पाण्याच्या तहाची आणि हाथीची कथा आधी घ्या. आणि कुणाला यावर स्वतःचा चित्रपट करावासा वाटला तर अडवणारं कुणी नाही. किपलिंग १९३६ मध्ये वारला, भारतीय कायद्याप्रमाणे त्याच्या लेखनावरचे हक्क १९८६ अखेर संपले. डिस्नेची चित्रं आणि गाणी तेवढी घ्यायची नाहीत. मोगली, बघीरा, हाथी आणि वैनगंगा या सगळ्यांवर आता प्रत्येकाचा हक्क आहे.